उभं चाक

चाक फिरतंय की थांबलंय, हे तुम्ही कशावरून ठरवता? डोळ्यांनी ना? उगाच मान डोलवू नका, विचार करून सांगा. कारण ज्या बाईची ही हकीकत आहे तिचा नवराही डोळ्यांनीच ठरवायचा, आणि त्याचे डोळे तुमच्या-आमच्यापेक्षा चांगले होते. पात्यावरची केसाएवढी चीर त्याला हातभरावरून दिसायची.

त्या बाईला सगळे वहिनी म्हणत. खरी वहिनी ती एकाचीच. धाकटा दीर त्याच कारखान्यात कामाला होता. तो वहिनी म्हणायचा, म्हणून मुकादम म्हणू लागला, मग भट्टीवाले, आणि शेवटी दारावरचा रखवालदार, जो तिच्या आजोबांच्या वयाचा होता, तोही. "एवढे दीर मला," ती म्हणायची, "पण घरी पाण्याची बादली उचलायला एक नाही."

कारखाना सुऱ्यांचा. स्वयंपाकघरातल्या, खाटकाच्या, झाडं छाटायच्या. पुढे भट्टी आणि ऐरण. मधे तेलाचे डबे, ज्यांत तापलेलं पातं बुडवून त्याला पाणी देतात. एका कोपऱ्यात लाकडी मुठी बसवणारे. आणि सगळ्यात मागे, एक पायरी उतरून, सहाणखोली. दगडी चाकं एका ओळीत, प्रत्येक आपापल्या मोटरवर. खिडकी होती, पण तिच्या काचेवर धूळ आणि तेलाचा असा थर बसला होता की ती घरजावयाच्या मतासारखी, असून नसल्यासारखी. दुपारी बारा वाजताही तिथे दिवे लावावे लागत.

नियम कुणाला माहीत नव्हते असं नाही. उगाच कामगाराला अडाणी ठरवू नका. डोळ्यांवर चष्मा हवा, केस घट्ट बांधलेले हवेत, बाह्या कोपरापर्यंत गुंडाळलेल्या हव्यात. चाकावर हातमोजा घालायचा नाही, कारण मोज्याचा एक दोरा अडकला की मागून सगळा हात जातो. चाकाच्या समोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. भट्टीवाल्यांचा नियम वेगळा. तिथे जमिनीवर पडलेलं पातं दिसलं तर वाकून उचलायचं नाही. लाल असतं तोवर लोखंड ओरडून सांगतं, काळं झालं की गप्प बसून चावतं. मुठी बसवणारा एक टकलू होता, त्याला सगळे मुठ्या म्हणत. तो एकदा अशाच एका गप्प पात्यावर बसला होता. पुढे बरेच दिवस तो उभ्यानेच जेवला, आणि लोक त्याला अजून विचारत, "काय मुठ्या, बसणार का?"

असं हसत-खेळत चाललेलं असताना मालकाने सहाणखोलीतले जुने बल्ब काढून ट्यूबा लावल्या. खोली लख्ख झाली. सगळे खूश. वहिनीचा नवरा घरी येऊन म्हणाला, "आता कसं, दिवसासारखं दिसतं."

काही आठवड्यांनी त्याच्या चाकात पात्याचा तुकडा अडकला. पातं ज्यावर टेकवून घासतात त्या लोखंडी टेकूच्या आणि चाकाच्या फटीत. चाकांची बटणं चाकापाशी नव्हती, दाराजवळच्या पाटीवर होती. त्यामुळे त्याने नेहमीसारखी मुकादमाला हाक मारली, "बंद." मुकादमाने बटण दाबलं. त्याने चाकाकडे पाहिलं आणि हात घातला.

दवाखान्यात नेणाऱ्या टेम्पोत त्याचं डोकं वहिनीच्या मांडीवर होतं. हात कशात तरी गुंडाळलेला होता आणि तिने तो उघडून बघितला नाही. तो शुद्धीवर होता. रडत नव्हता, कण्हत नव्हता. त्याला फक्त नवल वाटत होतं.

"चाक उभं होतं गं," तो म्हणाला.

"बोलू नका."

"अगं मी बघितलं ना. उभं होतं. त्याचे आरे दिसत होते मला."

जखमेत विष झालं आणि तो गेला. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. इथे उलटं, मेल्या माणसाला पिंपभर दारू. प्यायला होता, असं कुणीतरी म्हणालं आणि ते सगळ्यांना सोयीचं पडलं. मालकाला सोयीचं, मुकादमाला सोयीचं, शेजारच्या चाकावरच्यांनाही सोयीचं, कारण तो प्यायला असेल तर न पिणाऱ्याला भीती नाही. खुद्द दिराने ते मानलं. त्याने भावाला आदल्या रात्री लग्नात एक पेला घेताना पाहिलं होतं. त्याला लाज वाटली, आणि लाज माणसाला बहिरं करते.

मालकाने उपकार केल्यासारखं वहिनीला कामावर घेतलं. दिराला भावाच्या, म्हणजे ओळीतल्या शेवटच्या चाकावर लावलं आणि वहिनीला त्याच्या शेजारच्या. तिला पातं धरायला दिरानेच शिकवलं. पातं थेट हातात धरायचं नाही, लाकडी दांड्याच्या खाचेत पक्कं बसवायचं आणि दांडा धरायचा. "हात दूर तर हात भरपूर," तो म्हणाला. पण भावाचं नाव निघालं की तोंड फिरवायचा. तिला एकच घोर लागून राहिला. त्या चाकाने एक घेतला होता, आता त्याच्यासमोर दुसरा उभा होता. ती लग्न होऊन आली तेव्हा हा दीर लहान होता, त्याचे शर्ट तिनेच शिवले होते. त्याचे दोन्ही हात तिला पाठ होते. डाव्या अंगठ्यावर भोवरा लागल्याचा व्रण होता.

चाक मागे फिरतं, हे पहिल्यांदा मुठ्याने पाहिलं. धार लावलेली पाती न्यायला तो खाली आला होता. नेहमीप्रमाणे काहीतरी वाह्यात बोलायला त्याने तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

"वहिनी," तो तिच्या कानापाशी येऊन म्हणाला, "ते बघा. उलटं चाललंय."

चाकाला धरून ठेवणारी एक लोखंडी तबकडी असते, तिला चार आरे. दिराने पातं उचललं होतं, तो चष्मा पुसत होता. आणि ते आरे, ज्यांनी गरगर फिरून दिसेनासं व्हायला हवं, ते स्वच्छ दिसत होते. सावकाश, अगदी सावकाश, उलट्या दिशेने सरकत होते. जणू कुणीतरी पलीकडे बसून, काही घाई नसलेला माणूस, सैल झालेला दोरा परत गुंडाळून घेतोय.

नंतर ते सगळ्यांनी पाहिलं. आपापल्या चाकाकडे कोण बघतो? ठिणग्या असतात, लक्ष धारेवर असतं. पण त्या शेवटच्या चाकाकडे आता सगळेच चोरून बघायचे. पातं टेकवलं की ते भरभर मागे जायचं, उचललं की हळू, आणखी हळू, आणि कधीकधी जवळजवळ थांबायचं. बोलले ते हळूहळू, बिडी पिताना, पाठ भिंतीला लावून.

"तो फिरवतोय."

"फिरवतो आणि दमला की उभं धरतो."

"धरणारच की. आपलाच माणूस. आपल्या भावाचा हात जाऊ नये म्हणून धरत असेल."

बघा, किती मायेचा विचार. भूतसुद्धा कामगारच, आणि तेही आपल्या बाजूचं. त्यातून मग एक रीत पडली. चाक मागे फिरत असेल तर तिकडे बघायचं नाही, त्याला त्याचं काम करू द्यायचं. उभं राहिलं की समजायचं, त्याने आपल्यासाठी धरलंय. "धरलंय तोवर उरकून घ्या," असं मुकादमही म्हणायला लागला, अर्धं हसत, अर्धं गंभीर. कुणी अजून हात घातला नव्हता. पण शब्द तोंडात रुळला की हात मागून येतोच.

दीर तेवढा चिडायचा. "मेलेला माणूस चाक धरतो? जिवंत होता तेव्हा स्वतःला धरता आलं नाही त्याला."

वहिनी त्यांच्यात बसून बोलायची नाही, पण मनातून तिला ते पटलं होतं. नुसतं पटलं नव्हतं, गोड वाटलं होतं. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे वर अंगणात जायचे. मुकादम चाकं बंद करायचा नाही, कारण सगळी परत चालू करताना फ्यूज उडायचा. रिकामी चाकं नुसती घुमत राहायची, खोलीभर एक जाड गुणगुण. वहिनी तिथेच डबा उघडायची. शेवटच्या चाकापाशी एक खोकं ओढून बसायची.

"आज आपल्या लेकीचा दात पडला," ती चाकाला सांगायची. "समोरचा. आरशात बघून बघून हसते. तुमच्यासारखंच फटीतून शीळ घालते."

आरे सावकाश मागे जायचे.

"भावजींनी परत तोंड फुगवलंय. मी म्हटलं, कपडे धुवायला टाका, तर म्हणतात माझे मी धुतो. तुम्ही असता तर एक ठेवून दिली असतीत."

मागे, मागे.

हे कितीतरी दिवस चाललं. वरून हसण्याचे आवाज यायचे, भांडी वाजायची. खाली ती आणि ते. बाई वेडी झाली नव्हती. घरी नीट स्वयंपाक करायची, लेकीचा अभ्यास घ्यायची, दुकानदाराशी वजनावरून भांडायची. फक्त त्या अर्ध्या तासात ती एक बायको होती आणि तिचा नवरा थोडा मुका झाला होता, एवढंच.

एका दुपारी ती घास नुसता डब्यात फिरवत बसली. आदल्या दिवशी शाळेच्या दारात कुणीतरी तिच्या लेकीला बेवड्याची पोर म्हटलं होतं. लेकीने घरी येऊन त्याचा अर्थ विचारला होता. वहिनीने डबा अर्धाच खाल्ला आणि झाकण लावलं.

"एक विचारू?" ती चाकाला म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही घेतली नव्हती ना?"

आरे मंद होत गेले. आणखी मंद. मग चाक उभं राहिलं. असं स्वच्छ उभं की तबकडीवरचा गंजाचा डाग दिसावा.

"ऐकताय तुम्ही," ती म्हणाली.

तिने हात पुढे केला. घासायला नाही, साफ करायला नाही. थकून घरी आलेल्या माणसाच्या पाठीवर ठेवतात तसा, तळवा उघडा, बोटं सैल. दगडाचा थंडावा आता लागेल असं तिला वाटलं.

त्या चाकावरची ट्यूब काही दिवसांपासून बिघडली होती, टोकं काळी पडली होती. ती तेवढ्यात विझली.

त्या चाकावर आता पायरीवरून येणारा दाराचा थोडा उजेड तेवढा पडत होता, नुसता साधा दिवसाचा उजेड. त्यात चाक नव्हतं. आरे नव्हते, डाग नव्हता. होतं ते एक राखाडी, थरथरतं काहीतरी, आणि तिच्या तळव्यावर वारा लागत होता.

ट्यूब लागली. चार आरे. उभे. शांत.

विझली. राखाडी वारा.

लागली. उभे.

तिचा हात तसाच हवेत होता, एखाद्या बोटाच्या अंतरावर. तो मागे घ्यायला तिला फार वेळ लागला, जणू तो दुसऱ्या कुणाचा हात होता आणि आधी त्याची परवानगी घ्यायची होती. मग तिने डब्याखालचा कागद उचलला आणि त्याचं टोक त्या उभ्या, शांत चाकाकडे नेलं. कागद फाटला नाही. नाहीसा झाला. चिमटीत एक तुकडा उरला आणि तोंडावर रेती उडाली.

भुताची भीती सोपी असते. भूत बाहेर असतं, आपण आत असतो, मधे दार लावता येतं. आपल्याच डोळ्यांनी आपल्याला खोटं दाखवलं तर दार कुठे लावायचं? ती खोक्यावरून उठली आणि मागे सरकत भिंतीला टेकली. ओळीतल्या सगळ्या चाकांकडे तिने पाहिलं. सगळ्यांचे आरे दिसत होते. सगळी चाकं सावकाश मागे फिरत होती. कुणी कधी बघितलंच नव्हतं.

जेवून लोक खाली आले तेव्हा ती दारातच उभी होती. आधी तिने दिराचा दंड धरला.

"भावजी, ते उभं दिसतं, पण उभं नसतं."

"काय उभं नसतं?"

"चाक. ट्यूबच्या उजेडात उभं दिसतं, दाराच्या उजेडात फिरतं. मी कागद लावून बघितलं. तुमचे भाऊ खरं बोलत होते."

दिराने दंड सोडवून घेतला. आजूबाजूला लोक होते, हेच वाईट झालं.

"वहिनी, तू जेवताना त्याच्याशी बोलतेस हे सगळ्यांना माहीत आहे," तो म्हणाला. "कुणी हसत नाही, ते मला बघून. पण आता त्याच्यासाठी गोष्टी रचू नकोस. प्यायला होता. माझ्या समोर प्यायला होता."

"आदल्या रात्री. एक पेला."

"पेला काय, पिंप काय."

"या, दाखवते. ट्यूब विझली की बघा."

त्यांनी बघितलं. ट्यूब विझायला तयार नव्हती. अशा वेळी वस्तू कधी विझत नाहीत. थरथरली, गुणगुणली, आणि जळत राहिली. मुठ्या म्हणाला, "वहिनी, तिलाही लाज वाटते चारचौघांत." लोक हसले. मुकादम म्हणाला, चला, हात चालवा. आणि काम सुरू झालं.

आता इथून पुढचं जरा सावकाश ऐका.

दुपार कलली होती. ऐरणीवर घण पडत होते, सगळी चाकं पाती घासत होती, शेजारच्याचं बोलणं शेजारच्याला ऐकू येत नव्हतं. वहिनीने दांड्यात एक लांब पातं बसवलं होतं आणि ते चाकावर टेकवलं होतं. ठिणग्यांच्या पलीकडे, डोळ्यांच्या कोपऱ्यात, तिला दीर दिसत होता. त्याने पातं बाजूला ठेवलं. वाकून टेकूच्या फटीकडे पाहिलं. मागे वळून तोंडाशी हात धरला. तिला आवाज आला नाही, ओठ दिसले. बंद.

मुकादमाचा हात पाटीकडे गेला. पाटीवरची बटणं एका ओळीत, सगळी तेलाने काळी झालेली, एकसारखी.

आणि वहिनीच्या हाताखालचं चाक सैल पडलं.

ते तिला आधी दांड्यातून कळलं. घासणारं पातं एकदम जड झालं, ठिणग्या विरळ झाल्या, आवाज उतरत गेला. तिचं चाक थांबत होतं. तिचं. तिने तर हाक मारली नव्हती.

तिने मान वळवली. दिराचं चाक उभं होतं. चार आरे, गंजाचा डाग, सगळं स्वच्छ. ओझं उतरलेल्या चाकासारखं शांत. दीर त्याच्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांनी त्याला सांगितलं की थांबलंय. त्याने डावा हात पुढे केला.

ती ओरडली. तिचं तिलाच ऐकू आलं नाही. धावायला मधे टेकू, मोटर, पात्यांचा ढीग. तिने दांडा टेकूवर आपटून पात्यापासून मोकळा केला आणि त्या उभ्या चाकावर फेकला.

उभ्या चाकावर लाकूड आपटलं तर खाली पडतं. हा दांडा पडला नाही. कडाड असा एक आवाज झाला, तो मात्र घणांच्या वरून सगळ्यांना ऐकू गेला, आणि दांड्याचा एक तुकडा समोरच्या भिंतीत रुतला. दुसरा दिराच्या कानाला चाटून गेला. तो मागच्या मागे खाली बसला. हात छातीशी धरलेला. चाक त्याच्यासमोर तसंच उभं होतं, एकही आरा न हलवता, जणू हे दुसऱ्याच कुणी केलं.

कुणीतरी मोठा खटका पाडला. दिवे गेले, ट्यूबा गेल्या. दाराच्या उजेडात सगळ्यांनी पाहिलं, शेवटचं चाक वेगात फिरत होतं, आणि फिरता फिरता, कितीतरी वेळाने, खरंखुरं थांबलं.

मुकादम पायरीवर आला. "मी दाबलं होतं," तो म्हणाला. "आईची शपथ, मी दाबलं होतं."

"माझं बंद केलंत तुम्ही," वहिनी म्हणाली.

दिराच्या कानाचं रक्त मानेवर येत होतं, त्याला ते कळत नव्हतं. तो मुकादमाकडे बघत होता.

"त्या दिवशी कुठलं दाबलं होतंत?" त्याने विचारलं.

मुकादमाने पाटीकडे पाहिलं, काळ्या बटणांकडे. मग तिथेच पायरीवर बसला. त्याला उत्तर माहीत नव्हतं, आणि ते कुणालाच कधी कळणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कुणी खाली उतरलं नाही. मालक आला, म्हणाला, भुताटकीच्या नावाखाली कामचुकारपणा चालणार नाही. वहिनी म्हणाली, "भूत असतं तर आम्ही कामावर आलो असतो मालक, तो आमचाच माणूस होता. हे तुमच्या ट्यूबचं आहे." तिने त्याच्या हातात कागद दिला आणि सांगितलं, जा, स्वतः लावून बघा. मालक गेला. वर आला तेव्हा हातात कागद नव्हता, आणि त्याने वायरमनला बोलावणं धाडलं.

मग वायरमन आला. त्याला सगळे झटका म्हणत, त्यामुळे त्याचं बोलणं कुणी फारसं मनावर घेत नसे, पण त्याने सांगितलं ते साधं होतं. ट्यूब सारखी जळत नाही. विझते-लागते, विझते-लागते, इतकी भराभर की डोळ्याला पत्ता लागत नाही. चाकही तसंच भराभर. दोघांचा मेळ बसला की प्रत्येक वेळी ट्यूब लागते तेव्हा आरा नेमका पुढच्या आऱ्याच्या जागी आलेला असतो. डोळा म्हणतो, हलला नाही. जरा मागे राहिला तर डोळा म्हणतो, उलटा चाललाय. जुन्या बल्बची तार तापलेली राहते, ती विझायला सवड मिळत नाही, म्हणून त्याच्या उजेडात हा खेळ होत नाही.

"म्हणजे डोळ्यात दोष नाही?" दिराने विचारलं.

"डोळ्यात नाही, डोक्यात नाही," झटका म्हणाला. "न पिणाऱ्यालाही तसंच दिसणार."

दीर तिथून उठला आणि अंगणात गेला. वहिनी मागे गेली नाही. संध्याकाळी तो घरी आला, लेकीला जवळ घेऊन बसला आणि म्हणाला, "तुझा बाबा खोटं बोलायचा नाही. शाळेत कुणी काही म्हटलं तर मला सांग, मी येतो." एवढंच. मग स्वतःचे मळके कपडे वहिनीच्या बादलीत टाकले.

प्रत्येक चाकावर पिवळा बल्ब आला. प्रत्येक बटण चाकापाशी आलं, ज्याचं चाक त्याच्या हातात. आणि फटीजवळ काहीही न्यायचं तर आधी लाकडाची काडी लावायची, मग हात, ही वहिनीची रीत पडली. मालकाने थोडी कुरकुर केली, माणसांनी त्याहून जास्त. काडी विसरणाऱ्याला ती सगळ्यांसमोर आई-बापाच्या उद्धारासकट झापायची. पुढे ती वस्तीतल्या दुसऱ्या कारखान्यांतही जायला लागली. पिशवीत बल्ब, हातात काडी. दारात अडवलं तर तिथेच बसायची. "विकायला नाही आले," म्हणायची, "भूत घालवायला आले." काही ठिकाणी हाकललं, काही ठिकाणी चाकांवर बल्ब लागले. दीर सुट्टीच्या दिवशी सोबत यायचा आणि तिच्यापेक्षा जास्त भांडायचा.

एक गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. बल्ब लागल्याच्या दुसऱ्या दुपारी ती डबा घेऊन खोक्यावर जाऊन बसली होती. पिवळ्या उजेडात चाक फिरत होतं, नुसतं फिरत होतं, राखाडी, सपाट, कुणाचंच नसलेलं. ती काहीतरी बोलली. मागे कुणी सरकलं नाही, कुणी थांबून ऐकलं नाही. आपणच त्याला घालवलं, हे तिला तेव्हा कळलं. टेम्पोत तो गेला नव्हता, दवाखान्यात गेला नव्हता. तो काल गेला, आणि बल्ब लावताना ती स्वतः शिडी धरून उभी होती. तिने डबा संपवला, कारण अन्न टाकायचं नसतं, आणि वर माणसांत जाऊन बसली.

आता तुम्हाला एकच काम सांगायचं आहे, आणि ते टाळू नका. तुमच्या गल्लीत, तुमच्या नात्यात, कामावर कुणाचा हात जाईल, कुणाचा डोळा जाईल, आणि दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी म्हणेल, प्यायला असेल, झोपेत असेल, लक्ष नसेल. तुम्ही मान डोलवायच्या आधी त्या जागेवर जा. तो उभा होता तिथे उभे राहा, तो बघत होता तिकडे बघा, आणि तो जे सांगतोय ते खरं धरून चाला.